डॅलसमधले पाच तास

गुरुवार, २५ सप्टेंबर २०१४. रात्री १०:३७

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, डॅलस शहरात, टेक्सास हेल्थ प्रेस्बिटेरियन हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात चाळिशीतला एक माणूस येतो. पोट दुखतंय, डोकं ठणकतंय, गरगरतंय, मळमळतंय. नाव थॉमस एरिक डंकन. वेळ इतकी नेमकी ठाऊक आहे, कारण पुढे अमेरिकी संसदेच्या समितीसमोर या रात्रीचा मिनिटामिनिटाचा हिशेब द्यावा लागला. त्या क्षणी मात्र रांगेत आणखी एक नाव वाढलं, एवढंच.

आज आपल्याला जे ठाऊक आहे ते आधीच सांगून टाकलेलं बरं, रहस्यकथेचा आव कशाला! डंकन लायबेरियाचा. मनरोव्हियाहून ब्रसेल्स, तिथून वॉशिंग्टन, तिथून डॅलस असा प्रवास करून तो २० सप्टेंबरला उतरला होता. निघण्याच्या चार दिवस आधी त्याने शेजारच्या एका आजारी गरोदर मुलीला हात देऊन टॅक्सीने दवाखान्यात नेलं होतं. जागा नाही म्हणून तिला परत आणावं लागलं आणि ती दगावली. तिला इबोला झाला होता. हे डंकनला कळलं होतं, की गरोदरपणातलं काही बिघडलं असं त्याला वाटलं होतं, यावर नंतर पुष्कळ वाद झाला. मनरोव्हियाच्या विमानतळावर त्याला ताप नव्हता. फॉर्मवर त्याने ‘इबोलाच्या रुग्णाशी संपर्क नाही’ असं लिहिलं. २४ तारखेला अंग मोडून आलं.

म्हणजे इमर्जन्सीच्या दारात तो आला तो आजाराच्या अगदी सुरुवातीला. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, पुढे तिचं काम पडणार आहे.

रात्री ११:३६

कोणाला आधी बघायचं हे ठरवणारं टेबल म्हणजे ट्रायाज. तिथली नर्स विचारते, लिहून घेते. ताप १००.१ फॅरनहाइट. आपल्याकडे याला ताप म्हणतच नाहीत, कणकण म्हणतात.

रात्री १२:०५

खाट मिळते. दीड तास गेला. मोठ्या शहरातल्या रात्रीच्या इमर्जन्सीत दीड तास ही तक्रार करण्याजोगी गोष्ट नव्हे.

साडेबारा ते पाऊण

आता खाटेपाशी दुसरी नर्स आहे. ती प्रवासाबद्दल विचारते, म्हणजे विचारायला हवं ते विचारते. पश्चिम आफ्रिकेतल्या साथीबद्दलच्या सूचना जुलैअखेरीपासून देशभरच्या हॉस्पिटलांना जात होत्या. ८ ऑगस्टला जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली होती. डंकन खरं ते सांगतो. नर्स कॉम्प्युटरवर नोंद करते: २० सप्टेंबरला आफ्रिकेतून आला.

या एका ओळीवर पुढे रकानेच्या रकाने लिहिले गेले. बहुतेकांचा रोख असा, की नोंद झाली पण तोंडी कोणी डॉक्टरला सांगितलं नाही. ते खरंच आहे. पण मला त्या ओळीतला ‘आफ्रिका’ हा शब्दच जास्त खटकतो. आफ्रिकेत पन्नासाहून अधिक देश आहेत. साथ धुमसत होती ती तीन देशांत: गिनी, सिएरा लिओन आणि लायबेरिया. कैरोहून आलेला माणूसही आफ्रिकेतूनच आला आणि मनरोव्हियाहून आलेलाही. उत्तर लिहिलं गेलं, पण पुढचा एक प्रश्न, ‘आफ्रिकेत कुठे?’, निदान त्या नोंदीत तरी दिसत नाही.

सिंधुदुर्गातल्या डॉक्टरांना हा फरक चांगला कळतो. २०१६ सालापासून दोडामार्ग-सावंतवाडी भागात माकडतापाचे रुग्ण आढळू लागले. तापाने फणफणलेला माणूस ‘कोकणातला’ आहे एवढ्यावर काहीच कळत नाही. तो काजूच्या बागेत जातो का, गोचीड चावल्याचं आठवतं का, तिथे माकडं मेलेली दिसली का, असं खोदत जावं लागतं. ताप आणि अंगदुखी डेंग्यूलाही असते, लेप्टोलाही, माकडतापालाही. त्यांना वेगळं करतो तो पत्ता.

पाऊण ते सव्वा

डॉक्टर येतो. तपासतो. नाक चोंदलेलं आहे, पोट दाबलं की दुखतं. उलट्या नाहीत, जुलाब नाहीत. आजारी माणसाशी संपर्क नाही. ‘स्थानिक रहिवासी’ अशीही नोंद आहे. एकाच माणसाच्या एकाच फाइलमध्ये एका पानावर ‘आफ्रिकेतून आला’ आणि दुसऱ्या पानावर ‘इथलाच’, आणि मधे जेमतेम अर्धा तास.

या डॉक्टरला झोडपणं सोपं आहे. पण त्या खुर्चीत बसून बघू. त्या रात्रीपर्यंत अमेरिकेच्या भूमीवर एकाही माणसात इबोलाचं निदान झालेलं नव्हतं. ऑगस्टपासून जे मोजके रुग्ण तिथे आणले गेले, ते निदान होऊन, खास विमानाने, आधीपासून सज्ज ठेवलेल्या वॉर्डांत आले होते. इबोला म्हणजे अंतराळवीरासारख्या पोशाखातली माणसं आणि टीव्हीवरचं विमान. इथे समोर काय आहे, तर साधे कपडे घातलेला, नीट बोलणारा, नाक चोंदलेला एक माणूस. गंभीर संसर्गाची पहिली खोड हीच, की तो सुरुवातीला गंभीर दिसत नाही. मेंदूज्वराची सुरुवात फ्लूसारखी होते. लेप्टोची सुरुवात पोटऱ्या दुखण्याने होते. इबोलाचे पहिले दोन दिवस कुठल्याही तापाचे असावेत तसेच असतात. रक्तस्राव वगैरे सिनेमातल्या गोष्टी सगळ्यांत होतही नाहीत आणि झाल्या तर उशिरा होतात.

रात्रपाळीच्या डॉक्टरपुढचा प्रश्न ‘याला काय झालंय?’ हा नसतोच. ‘याला घरी पाठवू की ठेवून घेऊ?’ हा असतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की दुसरा आपोआप सुटतो, म्हणून पहिल्याचं कुठलं तरी उत्तर मिळवण्याकडे मन ओढ घेतं.

सव्वा ते अडीच

रक्त जातं. सीटी स्कॅन होतो. कामचुकारपणा म्हणावा असं यात काही नाही. आपल्याकडे पोटदुखी आणि तापाला मध्यरात्री इतक्या तपासण्या क्वचितच होतील. अपेंडिक्स नाही. पक्षाघात नाही. आणखीही बरंच काही नाही.

इथे एक गंमत होते आणि ती ज्याने रात्री काढल्यात त्यालाच समजेल. प्रत्येक तपासणी सांगते की अमुक नाही, तमुक नाही. पण पहाटेच्या सुमारास हे सगळे ‘नाही’ एकावर एक चढत जातात आणि त्यांची बेरीज ‘विशेष काही नाही’ अशी होते. हिशेबात ही चूक आहे. अपेंडिक्स नाही म्हणजे जे आहे ते दुसरं काही आहे, इतकंच सिद्ध होतं. स्कॅनला इबोला दिसत नाही, मलेरियाही दिसत नाही. जिथे चावी हरवली तिथे अंधार म्हणून दिव्याखाली शोधायचं, तशातला प्रकार.

पहाटे ३:०२

ताप १०३.

कॉम्प्युटरच्या नोंदीत या आकड्यापुढे उद्गारचिन्ह उमटलं होतं, असं नंतर बाहेर आलेल्या कागदांत दिसतं. वेदना दहापैकी आठ, अशीही नोंद त्या कागदांत आहे.

त्या रात्रीच्या पाच तासांतली ही खरी जागा. साडेअकराला १००.१ हा आकडा कोणालाही हलवणारा नव्हता. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी, तिच्या त्या वेळच्या निकषांतही इबोलाचा संशय घेण्यासाठी ताप १०१.५ च्या वर हवा होता आणि गेल्या २१ दिवसांत साथीच्या देशातून प्रवास झालेला हवा होता. पहाटे तीनला दोन्ही गोष्टी एकाच फाइलमध्ये होत्या, प्रवासाची नुसती ‘आफ्रिका’ एवढीच का होईना. पण एक गोष्ट नर्सच्या पानावर होती आणि दुसरी नुकतीच उमटली होती, आणि दोघींची गाठ घालून देणाऱ्या माणसाच्या मनात तोवर सायनसचं निदान पक्कं बसलं होतं.

एकदा निदानाचं नाव मनात ठरलं की त्यानंतर आलेली माहिती त्या नावाच्या पोटात ढकलली जाते. १०३ ताप? सायनसला येऊ शकतो. डोकं? सायनसच. पोट? ते वेगळं लिहू. हेच १०३ रात्री साडेदहाला असते तर कदाचित सगळी रात्र वेगळी गेली असती. आकडा तोच, पण तो कधी आला यावर त्याचं वजन ठरतं.

पहाटे ३:३२

ताप १०१.२. तापाचं औषध दिलेलं आहे, ताप उतरतोय.

औषधाने ताप उतरला म्हणजे आजार साधा, हा समज आपल्याकडे घरोघरी आहे, आणि खासगीत कबूल करत नसले तरी डॉक्टरांच्याही मनात तो कुठेतरी असतो. पॅरासिटामॉल तापाचं कारण विचारत नाही. ते मलेरियाचा ताप उतरवतं, टायफॉइडचा उतरवतं, इबोलाचाही उतरवतं. अर्ध्या तासात पावणेदोन अंशांनी उतरलेला पारा कारणाविषयी काहीही सांगत नव्हता. घरी पाठवायला मात्र त्याने हातभार लावला असावा.

पहाटे ३:३७

डिस्चार्ज. सायनसचा दाह आणि पोटदुखी. प्रकृती स्थिर. एक अँटिबायोटिक, तापाची गोळी, आणि बरं वाटलं नाही तर परत या अशा सूचना. आल्यापासून बरोबर पाच तास.

या कागदावरची मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट म्हणजे ते अँटिबायोटिक. सायनसचा त्रास बहुतांशी विषाणूंमुळे होतो आणि अँटिबायोटिक विषाणूंवर चालत नाही. मग ते का दिलं? जगभरचे डॉक्टर देतात त्याच कारणाने दिलं असणार: नक्की काय आहे ते कळत नाही आणि रिकाम्या हाताने पाठवायला मन धजत नाही. आपल्याकडे ‘व्हायरल आहे’ असं सांगून वर पाच दिवसांचं अँटिबायोटिक लिहून देतात, त्यातली दोन वाक्यं एकमेकांना खोटं पाडतात हे कोणी बोलून दाखवत नाही. ती गोळी पेशंटच्या पोटात जाते, पण तिचा उपचार डॉक्टरच्या अनिश्चिततेवर झालेला असतो.

अंदाजाने औषध देणं मुळात चूक नव्हे. पावसाळ्यात रायगड-रत्नागिरीच्या ग्रामीण रुग्णालयांत भातलावणी करणारा माणूस ताप, लाल डोळे आणि दुखऱ्या पोटऱ्या घेऊन आला की डॉक्टर लेप्टोच्या रिपोर्टची वाट बघत नाहीत. बघून चालतही नाही. शरीरात त्याची प्रतिद्रव्यं दिसू लागायलाच आठवडाभर लागतो, आणि मूत्रपिंडं तेवढा वेळ देत नाहीत. डॉक्सिसायक्लिन किंवा पेनिसिलिन लगेच सुरू होतं. पण त्याच वेळी लघवी किती झाली ते मोजलं जातं, प्लेटलेट आणि क्रिएटिनिन पुन्हा काढलं जातं, केसपेपरवर निदानाच्या पुढे प्रश्नचिन्ह असतं आणि उद्याचा डॉक्टर ते प्रश्नचिन्ह वाचतो. इथे गोळी दिली जाते ती प्रश्न उघडा ठेवून. डॅलसमध्ये ती दिली गेली प्रश्न मिटवून.

आणि म्हणून ‘त्याला इबोला सुचायला हवा होता’ हे वाक्य मला निम्मंच पटतं. इबोला सुचायची गरजच नव्हती. लायबेरियाहून पाच दिवसांपूर्वी आलेल्या माणसाला १०३ ताप आहे, तर पाठ्यपुस्तकाप्रमाणे पहिला संशय मलेरियाचा. मलेरिया हा काही दुर्मीळ विचार नव्हे, आपल्याकडे इंटर्नलाही येतो. तो विचार आला असता तरी माणूस त्या रात्री हॉस्पिटलातच राहिला असता आणि पुढचं सकाळी उलगडलं असतं. बरोबर उत्तराची निकड नव्हती, चुकीचंही चाललं असतं. फक्त ते त्याला खाटेवर ठेवणारं हवं होतं.

आता उलट बाजू. समजा डॉक्टरला सगळं सुचलं आणि त्याने पहाटेच इबोलाची तपासणी मागवली. रक्तातला विषाणू तपासणीत दिसावा इतका वाढायला लक्षणं सुरू झाल्यापासून तीन दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. डंकन दुसऱ्या दिवशीच आला होता. म्हणजे रिपोर्ट ‘नाही’ असा येण्याची शक्यता होती, आणि नियमाप्रमाणे तपासणी पुन्हा करेपर्यंत त्याला वेगळं ठेवावं लागलं असतं. पुरावा हातात नसताना, रिपोर्ट उलट सांगत असताना, ‘तरीही याला सोडायचं नाही’ म्हणायला निराळी छाती लागते.

दोन महिने मागे: लागोस, २० ते २५ जुलै

ती छाती कशी असते ते नायजेरियात दिसलं होतं.

२० जुलै २०१४ ला पॅट्रिक सॉयर हा लायबेरियन-अमेरिकन अधिकारी लागोसच्या विमानतळावर कोसळला. सरकारी डॉक्टरांचा संप चालू होता, म्हणून त्याला फर्स्ट कन्सल्टंट्स या खासगी हॉस्पिटलात आणलं. तो म्हणाला, मलेरिया आहे. इबोलाच्या रुग्णाशी संपर्क नाही. उपचारही मलेरियाचाच सुरू झाला, आणि त्यात वावगं काहीच नव्हतं. लागोसमध्ये तोवर इबोला कोणी पाहिलेला नव्हता.

२२ तारखेला वरिष्ठ डॉक्टर अमेयो अडाडेवोह राउंडला आल्या. मलेरियाचा उपचार चालू असूनही माणूस सुधारत नव्हता. त्यांनी त्याची पुन्हा, पहिल्यापासून विचारपूस केली. इबोला त्यांनीही आयुष्यात पाहिला नव्हता. पण लायबेरिया, ताप, आणि उपचाराला दाद नाही, या तीन गोष्टी त्यांनी एका ओळीत मांडल्या. रक्त तपासणीला गेलं आणि रिपोर्ट येईपर्यंत त्याला हॉस्पिटलाबाहेर सोडायचं नाही असं त्यांनी ठरवलं. सॉयरला एका आंतरराष्ट्रीय परिषदेला जायचं होतं. त्याला सोडा म्हणून लायबेरियाच्या अधिकाऱ्यांकडून दबाव आला. विनापुरावा माणसाला डांबून ठेवल्याचा आरोप होऊ शकतो, हेही सुनावलं गेलं. बाई हलल्या नाहीत. रिपोर्ट इबोलाचा आला. २५ जुलैला सॉयर वारला.

दोन कोटींच्या आसपास वस्तीच्या शहरात तो माणूस मोकळा फिरला असता तर काय झालं असतं, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. नायजेरियात एकूण २० जणांना लागण झाली, ८ दगावले. त्यांत १९ ऑगस्टला अडाडेवोहही गेल्या.

डॅलसच्या डॉक्टरला बाईंपेक्षा कमी येत होतं असं मला वाटत नाही. त्यांच्यापाशी एक गोष्ट जास्त होती आणि ती म्हणजे वेळ. पेशंट दोन दिवस खाटेवर होता, पहिलं निदान चुकतंय हे दिसायला तेवढा अवकाश होता. इमर्जन्सीच्या डॉक्टरला आपलं चुकलं हे दिसतच नाही, कारण पेशंट दारातून बाहेर गेलेला असतो.

२६ आणि २७ सप्टेंबर

डंकन घरी आहे. त्या अपार्टमेंटमध्ये त्याची जोडीदारीण आहे, आणखी माणसं आहेत. तो झोपून असतो. ताप वाढतो, जुलाब सुरू होतात. अँटिबायोटिक चालू आहे.

रविवार, २८ सप्टेंबर. सकाळी दहाच्या सुमारास

अँब्युलन्स त्याला पुन्हा त्याच इमर्जन्सीत आणते. निघताना अपार्टमेंटच्या इमारतीबाहेर त्याला उलट्या झाल्या आहेत. या वेळी लायबेरिया हा शब्द थेट डॉक्टरच्या कानावर पडतो, आणि थोड्याच वेळात त्याला वेगळ्या खोलीत हलवलं जातं. हॉस्पिटल तेच, आजार तोच, माणूस तोच. शुक्रवारी पहाटे जे पाच तासांत जुळलं नाही ते आता चटकन जुळतं, कारण आता आजार स्वतःच ओरडून सांगतोय.

रक्ताचे नमुने टेक्सासच्या सरकारी प्रयोगशाळेत आणि अटलांटाला सीडीसीकडे जातात. आता दोन दिवस थांबायचं.

या दोन दिवसांबद्दल फार कमी लिहिलं गेलं आणि माझ्या मते खरा अनर्थ इथे शिजला. संशय आहे पण शिक्का नाही, अशा वेळी किती सावध राहायचं? सीडीसीच्या तेव्हाच्या सूचनांत गाऊन, मास्क, चष्मा, हातमोजे होते. मानेसारखा भाग उघडा राहिला तरी चालत होतं. हा माणूस मात्र आता उलट्या-जुलाबांनी निथळत होता, आणि इबोलात विषाणूचं प्रमाण सर्वांत जास्त असतं ते याच काळात. चादरी बदलणं, शरीर पुसणं, सुया लावणं ही कामं नर्सच्या हातून होतात. पुढच्या दहा दिवसांत सुमारे ७० कर्मचाऱ्यांचा त्याच्याशी या ना त्या कामाने संबंध आला.

मंगळवार, ३० सप्टेंबर. दुपार

रिपोर्ट येतो. इबोला. अमेरिकेत निदान झालेला पहिला रुग्ण. पहिल्यांदा दारात आल्यापासून साडेचार दिवसांहून थोडे अधिक. संध्याकाळी सीडीसीचे प्रमुख टॉम फ्रीडन पत्रकारांपुढे उभे राहून देशाला हे सांगतात.

२ आणि ३ ऑक्टोबर

हॉस्पिटल खुलासा करतं: आमच्या कॉम्प्युटर प्रणालीत नर्सची पानं वेगळी आणि डॉक्टरची वेगळी, त्यामुळे प्रवासाची नोंद डॉक्टरला आपोआप दिसली नाही, आता आम्ही ती जागा बदलली आहे. दुसऱ्या दिवशी त्या खुलाशाचा खुलासा येतो: प्रणालीत दोष नव्हता, नोंद डॉक्टरलाही उपलब्ध होती. चोवीस तासांत यंत्र दोषी ठरलं आणि निर्दोषही सुटलं. १६ ऑक्टोबरला हॉस्पिटल समूहाच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी संसदीय समितीपुढे निदान चुकल्याची कबुली दिली आणि माफी मागितली.

४ ते ८ ऑक्टोबर

ब्रिनसिडोफोव्हिर हे प्रयोगावस्थेतलं औषध ४ तारखेला सुरू होतं. आधीच्या रुग्णांना दिलेल्या झेडमॅप या औषधाचा साठा संपलेला असतो. इबोलातून बरे झालेल्या एका डॉक्टरचं रक्तद्रव्य द्यावं, तर रक्तगट जुळत नाही. व्हेंटिलेटर, डायलिसिस. बुधवार, ८ ऑक्टोबर, सकाळी ७:५१ ला डंकन जातो.

१२ आणि १५ ऑक्टोबर

त्याची शुश्रूषा केलेल्या एका नर्सला इबोला झाल्याचं जाहीर होतं. तीन दिवसांनी दुसरीला.

दुसरी नर्स १३ तारखेला क्लीव्हलँडहून डॅलसला विमानाने आली होती. निघण्यापूर्वी तिने फोन करून विचारलं होतं. तिचा ताप ९९.५, मर्यादा १००.४. तिला कोणी थांबवलं नाही. पुन्हा एकदा एका आकड्याने सुटका केली. ती सुजाण होती, तिला शंका आली होती, तिने विचारलं होतं. पलीकडच्याने कोष्टक बघून उत्तर दिलं. कोष्टकं अनिश्चितता कमी करायला बनवलेली असतात, पण हाताशी असलं की माणूस कोष्टकाच्या पलीकडे बघायचं सोडून देतो. दोन्ही नर्सेस वाचल्या.

सोमवार, २० ऑक्टोबर

डंकनसोबत अपार्टमेंटमध्ये राहिलेल्यांचे २१ दिवस पूर्ण झाले. एकालाही लागण झाली नाही. ज्या पहाटेबद्दल एवढा गहजब झाला, त्या पहाटे इमर्जन्सीत त्याच्या आसपास असलेल्यांपैकीही कोणाला नाही. लागण झाली ती निदान पक्कं झाल्यानंतरही त्याच्या खाटेशी राबणाऱ्या दोघींना. आजाराच्या पहिल्या दिवसांत विषाणू अंगात कमी असतो आणि शेवटाकडे त्याचा पूर येतो, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा नको. साडेतीनच्या त्या डिस्चार्जची किंमत डंकनने मोजली. दोन नर्सेसची किंमत दुसऱ्या खात्यातली होती.

त्याच दिवशी सीडीसीने पोशाखाचे नवे नियम काढले: कातडीचा एकही भाग उघडा नको, पोशाख चढवण्या-उतरवण्याचा सराव हवा आणि ते करताना बघणारा एक प्रशिक्षित माणूस समोर हवा. आणि त्याच दिवशी नायजेरिया इबोलामुक्त जाहीर झाला.

नोव्हेंबर

सिएरा लिओनमध्ये मार्टिन सालिया नावाचे सर्जन आजारी पडले. त्यांचं कुटुंब अमेरिकेत मेरीलँडला होतं. लक्षणं सुरू होताच, ७ नोव्हेंबरला, त्यांची इबोलाची तपासणी झाली. डॅलसमध्ये जे झालं नाही ते सगळं इथे झालं: संशय वेळेत आला, तपासणी वेळेत झाली, जागा साथीच्या ऐन मध्यावरची, आणि पेशंट स्वतः डॉक्टर. रिपोर्ट आला: इबोला नाही. सहकाऱ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. ताप हटेना म्हणून १० तारखेला पुन्हा तपासणी केली, तेव्हा इबोला निघाला. १५ तारखेला त्यांना विमानाने नेब्रास्काला नेलं, तोवर मूत्रपिंडं गेली होती. १७ तारखेला ते वारले.

त्या साथीत अमेरिकेत एकूण अकरा इबोलाग्रस्तांवर उपचार झाले. नऊ जण बरे होऊन घरी गेले. गेले ते दोघे, डंकन आणि सालिया.